तिसऱ्या थापेवर

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि मंडईत दंडारींची चढाओढ लागते. दंडारीत नाचणारे सगळे पुरुषच, जोडीजोडीनं. जोडीतला एक गडी, दुसरा लुगडं नेसून नारी. सात वर्षं मी गडी होतो. माझी नारी म्हणजे तळ्यावर मासे मारणाऱ्या घरचा, माझ्याच वयाचा दोस्त. आमचं नाव झालं होतं ते एका उडीमुळे. ढोलकीच्या तिसऱ्या थापेला मी गुडघा वाकवून पाय रोवायचा, माझ्या मांडीवर पाय देऊन त्यानं उडायचं आणि हवेतच गिरकी घ्यायची. धानोऱ्यापर्यंत ही उडी दुसऱ्या कोणाला जमत नव्हती. तरी पहिला नंबर आम्हाला कधी मिळाला नाही.

शिकवणारा म्हातारा कडक होता. पाय चुकला की नडगीवर टिपरी हाणायचा. दोस्ताला मिसरूड फुटलं तेव्हा म्हातारा मलाच म्हणाला, "नारी कोणाची? तुही! तूच उपट." रोज सकाळी चुलीतली राख बोटांना लावून मी त्याचा एकेक केस उपटायचो. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मला हसू यायचं.

"हास बे, हास," तो म्हणायचा. "यंदा पहिला नंबर आला पायजे. मंग दाढी कमरेपर्यंत वाढवतो."

त्याचं लग्न ठरलं होतं. लग्न झालेला माणूस आमच्याकडे लुगडं नेसत नाही. त्यामुळे ही त्याची शेवटची मंडई.

मी त्याच वर्षी नागपूरला कॉलेजात गेलो होतो. आमच्या गावातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि हे मी तेव्हाही चार लोकांत सांगायचो. मी नसताना चार महिने त्यानं अंगणात बांबू रोवून एकट्यानं सराव केला. मी आलो मंडईच्या आठ दिवस आधी. सराव झाला त्याच्या सारवलेल्या अंगणात. उडी पहिल्याच दिवशी जमली.

मंडई मात्र बांधीत भरली, नुकताच हलका धान कापलेल्या भातखाचरात. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण खाटेवर बसून निकाल द्यायला मालगुजारच. आमची पाळी दुपारी आली. घुंगरू बांधून बांधीत उतरलो आणि पहिल्याच फेरीत मला कळलं की माझे तळवे माझे राहिले नाहीत. चार महिने वहाणेत वावरलेले पाय. धानाच्या ज्या खुंटांवरून मी जन्मभर अनवाणी पळलो, तेच आता सुईसारखे टोचत होते. म्हाताऱ्याला सांगितलं नाही. कॉलेजानं पोरगा बिघडवला, हे म्हणायला तो टपूनच बसला होता.

तिसरी थाप पडली. मी पाय रोवला, खुंट तळव्यात घुसला आणि पाय आपोआप मागं आला. त्याचं पाऊल माझ्या मांडीवर यायच्या आत मांडीच तिथं नव्हती. तो लुगड्यासकट आडवा पडला. घोट्याचा आवाज मला ऐकू आला.

बांधीभर हशा पिकला. मालगुजार म्हणाला, "बाई बाळंत झाली काय गा?" त्यावर आणखी मोठा हशा.

म्हातारा धावत आला. "कोण चुकला?"

दोस्त माझ्या पायाकडे पाहत होता. रक्त मातीत मुरत होतं, त्याला दिसलं होतं. मी बोलेन म्हणून तो थांबला.

मी म्हणालो, "लुगड्यात पाय अडकला त्याचा."

म्हाताऱ्यानं तिथंच, सगळ्यांसमोर, त्या सुजत चाललेल्या पायातले घुंगरू ओढून काढले. "सात वर्षं शिकवलं, अन् लुगडं सांभाळता येत नाई तुले!"

पाय वाकडाच जुळला. डोंग्यात उभं राहून जाळं फेकणं गेलं. तो काठावर बसून बाया-पोरांसोबत गळ टाकू लागला. लग्न मात्र झालं. मी गेलो नाही, परीक्षा होती.

बी.ए. होऊन आलो तेव्हा गावानं मला हार घातला. दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेलो आणि त्याला म्हणालो, "म्हाताऱ्याले आज खरं सांगून टाकतो."

तो गळाकडेच पाहत राहिला. "काऊन?"

"तुह्यावरचा आळ जाईन."

"माह्यावरचा जाईन, अन् तुलेबी सारे माफ करतीन. म्हणतीन, पाहा, एवढा शिकला पण किती खरा मानूस." त्यानं गळ ओढला, रिकामा होता. "हे मले पाहाचं नाई. सांगू नोको."

मी सांगितलं नाही. म्हातारा आणखी नऊ वर्षं जगला, आणि माझा दोस्त लंगडत समोरून गेला की दरवेळी नव्या पोरांना सांगायचा, "हा पाहा, लुगड्यात अडकलेला."