दोरीनं बांधलेला डबा

भास्करराव गेल्याचं मला देवणीहून त्यांच्या थोरल्या बहिणीनं, सुमनआक्कांनी, फोनवर सांगितलं. आधी "जेवलात का?" असं विचारलं. मग म्हणाल्या, "आपला भास्कर गेला हो..."

लातूरच्या कॉलेजात ते वाणिज्य शिकवत आणि मी ग्रंथालय सांभाळत असे. त्यांचा वर्ग ग्रंथालयाला लागूनच होता, त्यामुळे माझ्यासारख्या पुस्तकी माणसालाही कर्जरोखे थोडेफार कळू लागले. व्याजदर उतरले की संस्था कमी व्याजाचे नवे रोखे काढते आणि त्या पैशातून जुने, महाग रोखे मुदतीआधी फेडते, हे त्यांनी सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "सर, ही तर याची टोपी त्याच्या डोक्यावर झाली!" ते हसायचे. "टोप्या फिरवणारा बुडत असतो, बाबा. हा ओझं हलकं करून राहिलाय. फरक हाय." अलीकडे मात्र ते पुढे एक वाक्य जोडत, "पण ज्याचे पैसे परत येतात, त्यालाही विचारावं कधी..."

ते वाक्य आक्कांमुळे आलं होतं. यजमान गेल्यावर आक्कांनी दुकान विकलं आणि भास्कररावांच्या सांगण्यावरून ती रक्कम चांगल्या व्याजाच्या रोख्यांत घातली. त्या व्याजावर त्या देवणीत एकट्या, स्वतःच्या घरात राहत. मुलगा पुण्याला बोलवायचा. त्याला नाही म्हणण्याचं बळ त्या व्याजातच होतं. आणि एक दिवस संस्थेनं कळवलं, रोखे मुदतीआधी परत घेणार. आम्ही दोघं लगेच देवणीला गेलो.

आक्का स्वयंपाकघरात होत्या. "आरं, आपण मागायला गेलतो का? मग परत कशाला देऊन राहिले? मला पुण्याला धाडायची चांगली सोय केलीस तू."

भास्कररावांनी स्वतःची बाजू मांडली नाही. फळीवरचा एक डबा काढला, त्यात शेंगदाणे भरले, झाकण लावलं आणि दोरीनं घट्ट बांधला. "आक्का, परतफेडीच्या दोन तऱ्हा. नवे पैसे आले की लगेच जुने फेडायचे, ही एक. या संस्थेला तसं करता येत न्हाई, कारण मुदतीआधी परत घ्यायचे म्हटलं तरी रोख्यावर लिहिलेल्या तारखेआधी तुझे रोखे घेता येत न्हाईत. म्हणून व्याज उतरलंय तेवढ्यात नवे पैसे उभे करून असे बांधून ठेवलेत. आता त्यांनाबी हात लावता येत न्हाई. तारखेपर्यंत तुझं व्याज चालू."

"आन् मग?"

"मुद्दल सगळं येईल. व्याज पहिल्यासारखं न्हाई मिळणार. ते वेगवेगळ्या मुदतींत घालू, म्हंजे सगळं एकदम अंगावर परत येणार न्हाई."

"भागंल?"

त्यांनी वर छताकडे बघितलं. "वरची खोली भाड्यानं दिलीस तर भागंल."

आक्का उठल्या. "बरं. दे आता शेंगदाणे, चटणी करायचीय."

"तारीख आल्यावर!" म्हणत त्यांनी डबा फळीवर ठेवला, आणि आक्का त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

तारीख यायच्या आधीच भास्करराव गेले. गेल्या आठवड्यात पैसे जमा झाले, तेव्हा मी देवणीला गेलो. वरच्या खोलीत एक शिक्षिका राहायला आली आहे. बँकेत आम्ही भास्कररावांनी सांगितलं होतं तसंच केलं आणि घरी आलो. डबा फळीवर तसाच होता. मी दोरी कापायला विळी शोधू लागलो, तशा आक्का म्हणाल्या, "कापू नका. त्याची गाठ हाय." नखांनी, हळूहळू त्यांनी ती सोडवली. शेंगदाणे खवट झाले होते. ते त्यांनी अंगणात खारींना टाकले, डबा पुसला, नवे शेंगदाणे भरले आणि तीच दोरी गुंडाळू लागल्या.

मुलाचा फोन आला. फोन खांद्याशी धरून, दोन्ही हातांनी दोरी ओढत त्या म्हणाल्या, "दिवाळीला येते की. राहायला न्हाई..." आणि गाठ मारली.