शिवारभर सांगितलेली गोष्ट

मी आणि माझ्या बायकोनं मिळून शेवटचं काही केलं, ते तुरीच्या शेंगा सोलणं. अंगणात सूप मध्ये ठेवून बसलो होतो.

ती म्हणाली, "तुमच्या शेंगाईत अर्ध्या किडक्या हायेत, पाहून टाका."

मी म्हटलं, "तुले परक्याची लेकरं बरी दिसते, अन् घरात माही कीड दिसते."

ती हसली नाही. थंडी वाजते म्हणून आत जाऊन पडली. चौथ्या दिवशी तापातच गेली.

मी तिच्यावर जळायचो, ते लपवत नाही. सारा मुलूख तिला बाई म्हणे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं तिला सुईणपण शिकवलं होतं, पण तिचं खरं काम अफू सोडवायचं. तेव्हा कापूस वेचायला जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला मोहरीएवढी अफू दुधात उगाळून चाटवत. लेकरू दिवसभर झोळीत निपचित पडे. ही वीस-बावीस वर्षं वावरोवावर फिरली. एक म्हातारी झाडाखाली बसवायची, तिनं साऱ्यांच्या झोळ्या हलवायच्या, अन् बाकीच्यांनी तिच्या वाट्याचा कापूस वेचायचा. ही रीत तिनंच लावली. कामरगावकडून बैलगाडी येई तिला न्यायला. माझी भाकर शिंक्यावर वाळून जाई.

हे सारं सुरू व्हायच्या आधी आमचं एकच पोरगं होतं, पाच महिन्यांचं. वेचणीच्या दिवसांत माझ्या आईनं त्याला सकाळी अफू चाटवली आणि सांगायचं विसरली. वावरात नेताना हिनं पुन्हा चाटवली. पोरगं उठलंच नाही. दुकानातून अफू मी आणली होती.

त्यानंतर घरात ती त्याच्याबद्दल कधी बोलली नाही. मी विषय काढला की उठून चुलीकडे जाई. मग एकदा रिसोडच्या बाजारात एक सोयरा म्हणाला, तुझ्या बायकोनं पोराची गोष्ट सांगितली अन् आमच्या बाया रडल्या. ते ऐकून माझ्या अंगाची आग झाली. पोरगं माझं, अन् ते तिनं वावराच्या बांधावर बसून परक्यांना वाटलं. मी जाब विचारला, तर म्हणे, बायाबायाचं बोलणं आहे ते.

तिला जाळून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारच्या वावरात गेलो. झोळ्या हलवणारी म्हातारी बोरीखाली बसली होती.

"सुतकात काहून आले, भाऊ?"

"पोराचं ती काय सांगे, थे आयकाले आलो."

तिनं सांगितलं. त्याच्या टाळूवर दोन भोवरे होते. दूध पिताना तो आईच्या गळ्यातली पोत मुठीत धरून ठेवी. हे मला आठवत नव्हतं. या म्हातारीला पाठ होतं. तिच्या हातातली झोळीची दोरी हिसकावीशी वाटली.

"अन् अफू कोनं आनली, हे सांगे काय?"

"नाही. म्हने, घरात होती. दुसऱ्यांदा म्याच चाटवली, एवढंच सांगे."

मी खाली बसलो. वेचणाऱ्या बायांना हाक मारली. त्या ओटीतल्या कापसासकट आल्या आणि उभ्या राहिल्या.

"बाईनं तुमाले अर्धीच गोष्ट सांगतली," मी म्हटलं. "अफू म्या आनली होती."

मग त्या दिवशी सकाळी काय काय झालं, ते सगळं पहिल्यापासून सांगितलं.