ओकच्या फळीची कड

आखातातल्या मुहर्रक शहराच्या जुन्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी देशबांधवांचे अर्ज लिहीत असे. माझे शिक्षण सातवीत थांबले. परंतु माझ्या इंग्रजी अर्जांचा भारदस्तपणा भल्याभल्या पदवीधरांना साधला नसता, हे येथे नमूद करणे मला अगत्याचे वाटते.

नव्वदीच्या दशकात एके दिवशी रत्नागिरीकडचा एक सुतार माझ्याकडे आला. बुदैयातील त्याच्या आयरिश साहेबाने त्याचा व्हिसा रद्द करण्याचे ठरवले होते. साहेबाने मायदेशाहून आणलेली ओकची फळी भिंतीवर बसवायला दिली होती. तिच्या कडेवर खाचाच खाचा होत्या. सुताराने रिवाजाप्रमाणे रंधा मारून कड गुळगुळीत केली आणि मगच फळी बसवली.

"मुन्शी, तसली कड गिऱ्हाइकाला दिली असती तर उस्तादाने मला त्याच रंध्याने बडवला असता," तो म्हणाला. "हा म्हणतो, खलास, घरी जा. घरात कमावता मी एकटा."

"तुझ्या कामात खोट नाही, हेच ठासून लिहू."

मी लिहिले: या कारागिराच्या हाताखालून गेलेल्या लाकडावर एकही खाच शिल्लक राहत नाही.

अर्ज घेऊन आम्ही दोघे बंगल्यावर गेलो. साहेबाने ते वाक्य दोनदा वाचले. तो रागावला नाही. फळीच्या कडेवरून अंगठा फिरवत त्याने सांगितले की, त्या खाचा म्हणजे अक्षरे होती. त्याच्या देशाची ती अतिप्राचीन लिपी. दगडाच्या वा लाकडाच्या कडेवर कोरायची आणि खालून वर वाचत जायची. एकेका अक्षराशी एकेक झाड जोडलेले. त्याच्या पत्नीने स्वतःचे नाव स्वतःच्या हाताने कोरले होते. त्याचे पहिले अक्षर बर्चचे. ती आता हयात नव्हती.

"साहब, मैं फिर से बना देगा," सुतार म्हणाला. मी त्याचे इंग्रजी केले.

"बनवशील," साहेब इंग्रजीत म्हणाला, "पण ते तिने कोरलेले नसेल."

याचे भाषांतर मी केले नाही. सुताराची मान आधीच खाली गेली होती.

बस थांब्याकडे चालताना त्याने विचारले, "मुन्शी, बर्चचं झाड कसं असतं हो?"

मी ते कधी पाहिले नव्हते.

"सागासारखे," मी सांगितले.

त्याने मान हलवली. पुढच्या शुक्रवारी तो गावी गेला. अर्जातले ते वाक्य उत्तम होते, असे मला आजही वाटते. पुन्हा मात्र ते मी कोणासाठीही लिहिले नाही.