बसच्या शेपटीला बांधलेली हायब्रीड

मला लिहायला लावू नका म्हणून तीनदा सांगितलं. चौथी नापास माणूस मी, पेन धरलं की बोटं आखडतात. पण नाक्यावरची मंडळी ऐकतील तर शपथ! आणि किस्से म्हणजे ट्रकच्या केबिनमधला कचरा. एक उचलायला जावं तर सीटखालून चार निघतात.

शिवाय कारण आहे. अडतीस वर्षं ट्रेलर चालवला. माल सांडला नाही, गाडी जाळली नाही. तरी हल्ली मानकोलीच्या नाक्यावर चहावाल्यापासून सगळे विचारतात, "मामा, हँडब्रेक काढला का?" आणि हसतात. हे माझ्या नावाला कसं चिकटलं, ते एकदाचं ऐका.

*

माझा भाचा नरेश. शेतावर गोदामं उभी राहिली, भाड्याचा पैसा आला, आणि याला फिरायचं वेड लागलं. जुनी बस घेतली. शेजारच्या कोन गावचा यासीनभाई ट्रकच्या बॉड्या बनवतो, त्याने तिच्यात पलंग, शेगडी, संडास, सगळं बसवलं. ड्रायव्हर मी.

पहिली फेरी गणेशपुरीची. माझी बहीण जना, म्हणजे नरेशची आई, संडास बघून दारातच थांबली. "जिथं भात शिजतो तिथं हे? मी न्हाय जाणार!"

जाता-येता तिच्यासाठी पाच हॉटेलांत थांबलो. बसमधला संडास अजून कोरा आहे. ती त्यात कांदे ठेवते!

*

बस गल्लीत शिरत नाही. म्हणून जनाला घेऊन कोल्हापूरला जाताना नरेशने नवी हायब्रीड कार मागे बांधायची ठरवली. पेट्रोलचं इंजिन, वर बॅटरीची मोटर. यासीनभाईने लोखंडी दांडा बनवला.

मी म्हटलं, "या गाडीची पुढची चाकं उचलून न्यावी लागतात. क्रेनवाले तसंच नेतात."

नरेश हसला. "मामा, ही हायब्रीड आहे. चाकं फिरतील तशी बॅटरी फुकट चार्ज होईल. कोल्हापूर येईपर्यंत फुल्ल!"

यासीनभाई म्हणाला, "शेठ, कापडाच्या बंद लूमचं चाक हाताने फिरवलं तरी आतलं सगळं फिरतं. बंद गाडीचं पण तेच. जळेल."

"तुम्ही दोघं मिळून शिकलात किती?"

यासीनभाईने बोटं मोजली. "मामू चौथी, मी सहावी. दहावी झाली ना!"

दांडा लागला. पुढची चाकं जमिनीवरच.

*

हायवेला एक मोटरसायकलवाला हॉर्न मारत बाजूला आला. "चाचा, भागो मत! पीछे किसी की गाडी फँस गयी है!" मी हात हलवून पुढे जा म्हटलं. तो जास्तच पेटला. पुढे जाऊन हवालदाराला घेऊन आला.

हवालदाराने मागच्या गाडीत डोकावलं. "हिचा ड्रायव्हर कुठाय?"

"साहेब, हिला ड्रायव्हर नव्हताच."

त्याने वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "ड्रायव्हर फरार!"

*

कराडच्या पुढे जळका वास आला. ढाब्यावर बस लावली. कारखालून धूर. नरेश चार माणसांत ओरडला, "मामा, हँडब्रेक लावून ओढलीत तुम्ही! वय झालं तुमचं!"

एवढ्यावर थांबला नाही, मानकोलीच्या नाक्यावर फोन लावून तेच सांगितलं.

मी बसची चावी टेबलावर ठेवली. "आधी जाणत्याला दाखव. माझी चूक निघाली तर जन्मात स्टिअरिंगला हात लावणार नाही."

गाडी दुसऱ्या ट्रकवर लादून कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरला नेली. मिस्त्रीने खोलून बघितली. "हँडब्रेक ठीक आहे हो. पण पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायचं डोकं कोणाचं? आतले गिअर जळलेत."

जना नरेशकडे वळली. "ऐकलंस? मामाची माफी माग."

नरेश म्हणाला, "चहा घेऊया का?"

*

पार्ट यायला महिना लागणार होता, आणि नरेशला दुरुस्ती घराजवळ हवी होती. कोल्हापूरच्याच वेल्डरकडून ट्रॉली करून घेतली, पुढची चाकं वर चढवली. निघताना जना बसच्या दारात आडवी. "तुला लाज हाय का न्हाय? माफी मागितल्याबिगर आत पाय ठेवायचा न्हाय!"

नरेश तणतणत निघून गेला. जना म्हणाली, "चल रे दादा. येईल त्याचा तो." निघालो.

टोलवरचा माणूस म्हणाला, "काका, मागच्या गाडीत कोणतरी बसलंय."

उतरून बघतो तर गाडीचं नाक आभाळाकडे, आणि आत नरेश! सीटबेल्ट लावून, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"उतर. ओढलेल्या गाडीत माणूस बसवत नाही मी."

"माझी गाडी आहे!"

"गाडी तुझी, दांडा माझ्या मागे आहे. उतर, एक शब्द बोल आणि बसमध्ये चल."

उतरला. दारापर्यंत आला. जनाने दार उघडून धरलं. त्याने तोंड उघडलं. मी थांबलो, जना थांबली, टोलवालासुद्धा पावती हातात धरून थांबला.

तेवढ्यात मागून एसटी आली. नरेशने तिला हात केला.

साताऱ्याच्या अलीकडे त्या एसटीने आम्हाला ओव्हरटेक केलं. पलंगवाली बस याची, हायब्रीड याची, आणि हा लाल डब्यात दांड्याला लोंबकळत उभा! आम्हाला बघितलं आणि मान फिरवली. माझा सख्खा भाचा. नरेश.