दादाच्या जागेवर

१४ मार्च २००९. काल दादाचा दशक्रिया विधी झाला. आज सकाळी नारायणगावजवळच्या वर्कशॉपमधून त्याचे वेल्डिंगचे हातमोजे आणायला गेलो.

मित्रांनो, तिथे एकनाथभाऊ आणि रघूभाऊ आधीच उभे होते. दोघंही वीस वर्षांच्या अनुभवाचे वेल्डर, मंदीमुळे चाकणच्या कंपनीने घरी बसवलेले. दादाला दोघांनीही खांदा दिला होता.

मालक म्हणाला, "त्याला दिवसाला अडीचशे रुपये हजेरी व्हती. आता तेवढी परवडत न्हाई. दोनशेला कोण येतंय?"

"मी," रघूभाऊ म्हणाले.

"मी एकशेऐंशीला येतो," एकनाथभाऊ म्हणाले.

"मग मी दीडशेला."

"रघ्या, शिकाऊ पोराच्या हजेरीत येतो व्हय? लाज धर," म्हणत एकनाथभाऊंनी लोखंडी रॉड त्यांच्या कानावर हाणला. रघूभाऊंनी पडता पडता त्यांचा गळा आवळला. त्यांना सोडवताना माझ्या हातातले दादाचे हातमोजे रक्ताने भिजले.

मालकाने माझ्या मुंडण केलेल्या डोक्याकडे पाहिलं. "तुला बी येतं ना वेल्डिंग? सव्वाशेला ये उद्यापासून."

मी नाही म्हणालो नाही. तुम्ही काय म्हणाला असता?

घरी आल्यावर मागच्या नळावर हातमोजे धुतले आणि दोरीवर वाळत घातले.