बाबांचं पोट

माझे वडील गोदावरीच्या घाटावर यात्रेकरूंचे विधी सांगत. एकदा मांडी घातली की विधी पुरा होईपर्यंत उठायचं नाही, याचा त्यांना अभिमान होता. एकदा शेवाळावरून पाय घसरून पोटरीला जखम झाली तेव्हा डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. जखम भरली, आणि त्या गोळ्यांवर बाबांचा विश्वासच बसला. पुढे खोकला येवो की दाढ दुखो, ते स्वतःच दुकानातून त्याच गोळ्या आणू लागले.

मग पोट बिघडलं ते थांबेचना. कळ आली की धावावंच लागे. आईने दूध बंद केलं, मग डाळ, मग तिखट. घाटावर जायचं असलं की बाबा उपाशीच निघत. विचारलं तर म्हणत, "जरा अपचन आहे."

चांदवडचा एक शेतकरी आपल्या वडिलांच्या दहाव्याला आला होता. पिंड मांडले होते आणि बाबांना अर्ध्यातून उठावं लागलं. परतले तेव्हा शेजारचे गुरुजी त्यांच्या पाटावर बसून विधी पुरा करत होते. तो माणूस रागावला नाही. पाया पडून म्हणाला, "गुरुजी, तब्येतीला जपा. लय थकले तुम्ही."

घरी येऊन हे सांगताना बाबांना रडू आलं. तेव्हा कुठे ते पोटाच्या डॉक्टरांकडे यायला तयार झाले.

तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "काका, आतड्यात चांगले जंतूही असतात. त्या गोळ्यांनी तेही मारले, आणि वाईट जंतूंना रान मोकळं झालं."

"म्हणजे हे बरं होण्यासारखं आहे?" बाबांनी विचारलं.

"आहे ना. लवकर यायला हवं होतं."

लाजेपायी किती दिवस घालवले, हेच बाबांना बाहेर पडताना खात असावं.

औषध वेगळं मिळालं, खाणं हळूहळू वाढलं. काही महिन्यांनी ते दही-थालीपीठ खाऊ लागले. मी म्हटलं, "बाबा, आता जा की घाटावर."

"पोट बरं झालंय गं. पण मंत्र म्हणताना मनात एकच येईल, आता उठावं लागेल का? अशा मनानं कुणाच्या बापाला निरोप कसा द्यायचा?"

अजून जुन्या यजमानांचे फोन येतात. बाबा त्यांना शेजारच्या गुरुजींचा नंबर देतात.