रेग्युलेटर बसला, पण बाबांची टाच

मैत्रिणींनो, वर्षानुवर्षांची सवय माणसाच्या अंगातून कशी काढायची? मला उत्तर येत नाही, म्हणून आपल्या या फिरत्या वहीत विचारते आहे.

केनवडला बाबा खरादावर लाकूड फिरवून पाळण्याचे पाय घडवतात. मशीनला वेग एकच. जाड लाकूड आलं की बाबा फिरत्या चाकावर पोत्याचा तुकडा टाचेनं दाबतात आणि वेग कमी करतात. गेल्या महिन्यात पोतं अडकलं आणि टाच सोलली गेली. अजून ते लंगडतात.

आज सकाळी मी मोटर खोलली.

बाबा मला म्हणाले, "माय, चालती मशीन कायले खोलून राह्यली? जळली त काय करशीन?"

आई चुलीपासून म्हणाली, "पोरगी बी.एस्सी. झाली, अन् तुमी अजून पायानंच बिरेक मारून राह्यले."

आधी मोटर नुसती गुणगुणली. मी एक तार चुकीच्या टोकाला जोडली होती. ती बदलली, मध्ये रेग्युलेटर घातला, आणि दुपारी त्याची मूठ फिरवीन तसा खराद हळू किंवा जलद फिरू लागला. बाबा हसले.

मग त्यांनी जाड लाकूड चढवलं. मी वेग कमी केला, तरी त्यांची टाच चाकाकडे गेलीच.

"सवय हाय, माय. जाईन हळूहळू."

तुमच्या घरी कोणी अशी सवय मोडली असेल, तर खाली लिहा. मी मात्र वाट पाहिली नाही. पोतं चुलीत घातलं आणि चाकाभोवती फळ्यांची पेटी ठोकून टाकली.